तिसरा प्रयोग कुणाच्या गावाला

आपण किती गरीब आहोत हे नेटकेपणाने सिद्ध करून दाखवणं, ही माझी नोकरी होती. लीड्सजवळच्या एका कौन्सिलच्या फायनान्समध्ये मी बसायचो. लंडनचं सरकार सगळ्या देशाचा कर गोळा करायचं आणि मग तो गावोगावच्या कौन्सिलांना वाटायचं. ज्यांच्याकडे श्रीमंत कमी आणि गरजू जास्त, त्यांना थोडं झुकतं माप. कुणाला किती, हे एका फॉर्म्युल्याने ठरायचं. आमच्याकडे म्हातारी माणसं किती, शाळेत फुकट जेवणारी मुलं किती, बर्फाने रस्ते किती दिवस बंद, असं सगळं त्यात घालायचं. बर्फ पडला की अख्खं ऑफिस चरफडत यायचं. मी मात्र खिडकीतून शेतकरी ढगांकडे बघतो तसा बघत बसायचो.

बायको म्हणायची, ''लग्न ठरताना मुलगा इंग्लंडला फायनान्समध्ये आहे असं सांगितलं होतं. बर्फ मोजतो हे कुणी बोललं नव्हतं.''

शेजारच्या टेबलावर एक यॉर्कशरचा गृहस्थ बसायचा. त्याला एकच दुःख होतं, ते म्हणजे स्कॉटलंड. स्कॉटलंडमधल्या माणसामागे सरकार आपल्यापेक्षा जास्त खर्च करतं आणि तेही आपल्या खिशातून, हे तो मला सोमवारी चहाबरोबर सांगायचा आणि शुक्रवारी चहाशिवाय. मी मान डोलवायचो. मला हा विषय नवा नव्हता. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्याकडे मूल आधी 'आई' म्हणतं, मग 'बाबा' आणि तिसरा शब्द 'अनुशेष'. विदर्भाच्या वाट्याचं जे धरण, जो रस्ता, जे कॉलेज वर्षानुवर्षं मिळालंच नाही, त्याची थकबाकी म्हणजे अनुशेष.

बायको पुण्याची. ती म्हणायची, ''तुमचा अनुशेष म्हणजे उशिरा उठायचं आणि दूध संपलं म्हणून ओरडायचं.''

''गवळीच तुमच्या दारातून पुढे यायचा नाही,'' मी म्हणायचो. आमच्या संसारातलं हे एवढंच राजकारण. त्यावर वीस वर्षं निघाली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आई आमच्याकडे आली. सहा महिन्यांचा व्हिसा, ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी परतीचं विमान. आईने जन्मात रंगमंचावरचं नाटक पाहिलं नव्हतं. रेडिओवरच्या श्रुतिका मात्र तिला पाठ होत्या. पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्या नागपूरला जायच्या, फार तर अमरावतीला थांबायच्या. आमच्या गावाला कोण कशाला थांबेल? खर्च निघत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. एकदा, आई नवी नवरी असताना, कंपनीची मोठी गाडी आमच्या गावात पंक्चर झाली होती. गल्लीतल्या चारपाच बाया डोक्यावर पदर घेऊन ती बघायला गेल्या.

''नट दिसले का?'' मी लहानपणी विचारायचो.

''एक बाई दिसली. खिडकीत बसून संत्रं सोलत होती. आमच्याकडं पाह्यलं नाई तिनं. काहून पाहीन? तिच्या गावच्या का आम्ही?'' आणि मग, ''पन हात लय गोरे होते, बाप्पा.''

हे सांगताना आईचा सूर तक्रारीचा नसायचा. पण ही गोष्ट तिने मला इतक्यांदा सांगितली, की त्या हातांचा रंग मला अजून दिसतो.

म्हणून जूनमध्ये जेव्हा कळलं, की मुंबईची एक नाटक कंपनी इंग्लंडच्या दौऱ्यावर येते आहे, तेव्हा मी आईला जेवताजेवता सांगून टाकलं, ''आई, नाटक तुझ्या दारात आणतो.''

आई घास हातात धरून बघत राहिली. ''इथं? लीड्सले?''

''इथंच.''

''पाहा बरं,'' ती म्हणाली आणि त्याच दुपारी तिने गावाकडे माझ्या भावाच्या फोनवर गल्लीतल्या सगळ्यांना कळवून टाकलं. समोरच्या मास्तरीणबाईंना तर दोनदा.

दौऱ्याचं ठरवायला सगळ्या मराठी मंडळांची बैठक बर्मिंगहॅमला होती. बर्मिंगहॅम सगळ्यांना मध्ये पडतं म्हणून. लंडनवाल्यांच्या मते सगळ्यांना मध्ये लंडनच पडतं, पण त्यांनी मोठ्या मनाने माघार घेतली होती. एका शाळेचा हॉल, चहाचं मोठं भांडं, बटाटेवडे. टेबलावर मधोमध स्पीकरचा फोन, कारण दूरच्या काही मंडळांना यायला जमलं नव्हतं. मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. या पदासाठी माझ्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नव्हतं, कारण खुर्च्या लावायचं कामही सेक्रेटरीकडेच होतं.

हिशेब सोपा होता. कंपनी ऑक्टोबरमध्ये तीन प्रयोग करणार. शनिवारी बर्मिंगहॅम, रविवारी लंडनमधलं इल्फर्ड. तिथे हॉल भरतात, पैसे उरतात. त्या उरलेल्या पैशांतून आधीच्या बुधवारी तिसरा प्रयोग एखाद्या लहान मंडळाकडे करायचा, अशी आमच्यातली जुनी रीत. ज्याचं ताट भरलं त्याने शेजारच्या पानात वाढायचं. कुठल्या पानात, हे दर वेळी गप्पांमध्ये ठरायचं.

इल्फर्डच्या मंडळाचे अध्यक्ष वयाने मोठे, मनाने दिलदार. वडा चटणीत बुडवत म्हणाले, ''यात बोलायचं काय? तिसरा लीड्सला देऊन टाकू. बिचारे दर वर्षी मागतात.''

देऊन टाकू. बिचारे. मागतात. या तीन शब्दांनी माझ्या आतला अख्खा तालुका उठून उभा राहिला.

तेव्हा मी 'धन्यवाद' म्हणून खाली बसायला हवं होतं. आजही रात्री कूस बदलताना कधीकधी मी तो 'धन्यवाद' म्हणतो.

पण मी म्हणालो, ''अध्यक्षमहाराज, मेहेरबानी नको. हक्काचं असेल ते घेऊ. निकष ठरवा.''

''कसले निकष?''

''कौन्सिलांना पैसे वाटतात तसे. गरज मोजायची. ज्याची गरज जास्त, त्याला प्रयोग. मग उद्या कुणी म्हणायला नको, की याची ओळख होती, त्याने वशिला लावला.''

बर्मिंगहॅमची मंडळी कौतुकाने बघू लागली. कुणीतरी म्हणालं, ''बरोबर आहे, तुम्ही त्याच लाइनमधले.'' बस्स. माणसाला बुडवायला एवढं पुरतं. मी खिशातून गॅसच्या बिलाचं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर निकष लिहायला घेतले. एक, दुसऱ्या प्रयोगापासून अंतर किती. दोन, गावात मराठी नाटक होऊन किती वर्षं झाली. तीन, सभासद जितके कमी, तितके गुण जास्त.

एक तरुण म्हणाला, ''इन्कम नको का घ्यायला? तुमच्या सरकारी फॉर्म्युल्यात असतं ना?''

आणि तिथे सगळे अवघडले. गावाकडे गाडीत शेजारी बसलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला पगार विचारतो. दहावीस वर्षं इंग्लंडात काढल्यावर आम्ही मात्र इतके सभ्य झालो होतो, की पगार हा शब्द निघाला की लोक खिडकीबाहेर बघायचे. मीही बघितलं. ''ते नको,'' मी म्हणालो, ''कुणाच्या घरात डोकवायचं नाही.'' सगळ्यांना हायसं वाटलं. आणखी वडे आले.

मी पाकिटावर आकडे मांडले. लीड्सला भरपूर गुण. माझी छाती भरून आली होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन, जो दोन तास नुसता खरखरत होता, बोलला. एका बाईचा आवाज, जरा भीतभीत.

''मी अ‍ॅबर्डीनहून बोलते आहे. आम्ही अकरा कुटुंबं आहोत. आमच्याकडे कधीच काही झालेलं नाही. आम्हाला या निकषात धरता येईल का?''

अ‍ॅबर्डीन. स्कॉटलंडमध्ये, पार वर उत्तरेला. समुद्रातल्या तेलावर काम करणाऱ्या इंजिनियरांचं गाव. आमच्या सगळ्यांपेक्षा तिथले पगार चांगले, हे प्रत्येकाला माहीत होतं. आणि आम्ही तर नुकतंच ठरवलं होतं, की पगार बघायचे नाहीत.

मी पेन घेऊन मांडलं. अंतर, सगळ्यात जास्त. वर्षं, कधीच नाही. सभासद, सगळ्यात कमी. लीड्सच्या दुप्पट गुण झाले.

हॉलमध्ये वडे चावण्याचा आवाज तेवढा येत होता. अध्यक्ष माझ्याकडे बघून, अगदी मायेने, म्हणाले, ''निकष तुमचेच आहेत हो.''

सोमवारी ऑफिसात शेजारच्या यॉर्कशरवाल्याला हे सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. ''म्हणजे तुझंसुद्धा स्कॉटलंडनेच नेलं!'' तो म्हणाला. वर्षभरात तो इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता. 

घरी मात्र मी गप्प राहिलो. आई रोज विचारायची, ''मंग, कितवी तारीख?'' मी म्हणायचो, ''ठरतंय.'' तिने पेटीच्या तळातून इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं. ते घडीवर विरलेलं होतं, तिने ते रफू केलं. शनिवार-रविवारच्या प्रयोगांचा प्रश्नच नव्हता, तोवर तिचं विमान गेलेलं असणार. व्हिसा शुक्रवारी संपत होता. आईच्या वाट्याला फक्त तो बुधवार होता, आणि तो मी पाकिटाच्या पाठीवर अ‍ॅबर्डीनला देऊन आलो होतो.

तीन आठवड्यांनी एका दुपारी ती मटार सोलत असताना मी सांगून टाकलं. निकष, अंतर, अकरा कुटुंबं, सगळं. आईचे हात थांबले नाहीत.

''त्यायच्याकडं कधीच नाई झालं?'' तिने विचारलं.

''कधीच नाही.''

''एकदाबी नाई?''

''नाही.''

''मंग बरोबर हाय,'' ती म्हणाली आणि शेंगांची सालं कागदात गुंडाळून उठली. लुगडं दोरीवर होतं, ते तिने घडी करून परत पेटीत ठेवलं.

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी दोन दिवस घरात मांजरासारखा भिंतीकडेने फिरलो. तिसऱ्या दिवशी बायकोने समोर बसवलं.

''आई 'बरोबर आहे' म्हणाल्या ना?''

''हो.''

''आणि तुम्ही ते ऐकून गप्प बसलात. अहो, न्याय करून झाला तुमचा. आता गाडीचं सर्व्हिसिंग करून घ्या.''

''कशाला?''

''अ‍ॅबर्डीनला काय बर्फ मोजत चालत जाणार आहात?''

पुण्याच्या माणसाला अनुशेष कळत नाही, हे वाक्य त्यानंतर मी घरात उच्चारलेलं नाही.

बायको मुलांच्या शाळेमुळे घरी राहिली; बुधवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पोळ्या आणि जवसाच्या चटणीचा डबा. न्यूकासलपर्यंत तिला झोप लागली. मग समुद्र दिसायला लागला, आणि एका ठिकाणी रस्त्याकडेला निळा पांढरा झेंडा.

''दुसरा देश लागला का?''

''म्हटलं तर देश. म्हटलं तर नाही. आपल्या विदर्भासारखं.''

''मंग या लोकायलेबी वेगळं व्हायचं हाय?''

''काहींना व्हायचंय.''

''आन् पैसे कोनाचे?'' आईने विचारलं. जे विचारायला मोठमोठ्या समित्या बसतात, ते तिने पोळी मोडतामोडता विचारलं. मी म्हणालो, त्यावरच तर भांडण आहे. ''आसंनच,'' ती म्हणाली. ''तेच आस्ते.''

दुपारी पोचलो. फोनवर बोललेल्या बाईंकडेच आमची उतरायची सोय होती. करड्या दगडाचं दुमजली घर, पुढे बाग, दारात दोन गाड्या, आमचं अख्खं घर मावेल असं स्वैपाकघर. आईने आत पाय ठेवला आणि माझ्या बाहीला धरून कुजबुजली, ''हे गरीब मंडळ?''

''पगार विचारायचा नाही असं ठरलं होतं,'' मी म्हणालो.

''काहून? तोंडाले काय झालं होतं तुमच्या?''

घरातली ती बाई तिशीतली, नांदेडकडची. नवरा दोन आठवडे समुद्रातल्या तेलाच्या रिगवर आणि दोन आठवडे घरी, असा संसार. त्या वेळी तो समुद्रात होता. ती पहाटेपासून साठ माणसांचा साबुदाणा भिजवून बसली होती. आईने मदतीला हात पुढे केला, तर तिने आईला खुर्चीत बसवलं.

''तुम्ही काही करू नका, काकू. नुसतं बोलत राहा.''

''काय बोलू?''

''काहीपण. तुमच्या गावचं सांगा. बाकीची घरं लांब आहेत, दोन आठवड्यांत फोन सोडून मी मराठीत कुणाशी बोललेच नाही.''

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग सांगायला लागली. आमच्या गल्लीतला नळ, मास्तरीणबाईंची सून, या वर्षी तुरीला लागलेली कीड. ती बाई मिरच्या चिरत ऐकत होती, आणि मध्येच तिने बाहीने डोळे पुसले. मिरच्यांमुळेही असेल. त्यानंतर आई घराच्या आकाराबद्दल एक शब्द बोलली नाही.

प्रयोग चर्चच्या हॉलमध्ये होता. प्रेक्षक, मुलं आणि आसपासच्या गावांतून आलेले धरून, साठ. नेपथ्य म्हणजे एक सोफा, एक दार आणि मधोमध लावलेला पडदा. दोन सख्खे भाऊ एकाच फ्लॅटमध्ये पडदा लावून वेगळे राहतात आणि त्यांची म्हातारी आई त्या पडद्याखालून इकडून तिकडे भाजीच्या वाट्या सरकवते, असं ते नाटक. लोक पोट धरून हसत होते. त्या नांदेडच्या बाईचं हसू सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांनंतर थांबायचं.

आई पहिल्या रांगेत, इरकली लुगड्यात, ताठ बसलेली. ती हसत नव्हती. मी नाटक कमी आणि तिलाच जास्त पाहत होतो. ती रंगमंचावरची प्रत्येक गोष्ट बघत होती: दिव्यांचा रंग कसा बदलतो, नटाच्या कपाळावरचा घाम, पडद्याच्या कडा कुठे टाचल्या आहेत. दुसऱ्या अंकात कुठेतरी ती एकदम जोरात हसली, सगळे हसून थांबल्यावर, एकटीच. रंगमंचावरच्या म्हातारीने वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसून मान हलवली.

नाटक संपल्यावर मी विचारलं, ''कसं वाटलं?''

''दार खोटं होतं,'' आई म्हणाली. ''पन लहाना भाऊ केवढ्यानं आपटे!''

''आवडलं का?''

तिने रंगमंचावरच्या दाराकडे पुन्हा एकदा पाहिलं. हॉलमध्ये लोक साबुदाण्याच्या बश्या घेऊन नटांभोवती गोळा झाले होते.

''मास्तरीणबाई पायजे होत्या,'' ती म्हणाली. ''आन् मागल्या दारची वहिनी. आन् कोपऱ्यावरची जाऊ. तिले तर हसू आवरलं नसतं. चौघी एका रांगेत बसलो असतो. मंग उद्या नळावर...'' ती थांबली. ''एकटीनं पाहून काय करते मानूस?''

मी चाळीशी ओलांडलेला माणूस, गरजा मोजून पोट भरणारा, आणि या एका गरजेला कुठल्या रकान्यात घालायचं ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला धरण मिळेल कधीतरी, रस्ताही रुंद होईल. पण त्या चौघींना पंचवीस वर्षांच्या असताना एका रांगेत बसवून नाटक कोण दाखवणार?

सकाळी निघताना नांदेडची बाई आईच्या पाया पडली आणि दोघी दारात उगाचच बराच वेळ उभ्या राहिल्या. गाडी डंडीच्या पुढे गेली, तेव्हा आई बोलायला लागली.

''एक घर राहते. त्याच्या मधात पडदा. इकडं मोठा भाऊ, तिकडं लहाना...''

''आई, मी होतो ना तिथं.''

''तू होता. मले सांगून पाहू दे. तिथं गेल्यावर अडायले नको.'' आणि ती पुढे सांगत राहिली. मोठ्या भावाचा आवाज वेगळा, धाकट्याचा वेगळा. मध्येच विचारायची, ''लहान्याची बायको आली तवा काय म्हनाली होती, रे?'' मी आठवून सांगायचो. चुकलं तर ती म्हणायची, ''तसं नाई. तू नाटक पाहतच नव्हता.'' लीड्स येईपर्यंत नाटक दोनदा झालं. दुसऱ्या वेळी त्यात मूळ नाटकात नसलेली एक नणंद आली होती.

शुक्रवारी विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचे ओठ हलत होते. देवाचं म्हणत होती की धाकट्या भावाचं, मला कळलं नाही.

दोन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी मी गावी फोन केला. आमच्याकडे साडेदहा, तिकडे दुपारचे तीन. भावाने उचलला. मागे बायकांचा गलका.

''काय चाललंय?''

''आपल्या आईचं नाटक,'' तो म्हणाला. ''चौथा प्रयोग. आज वरच्या आळीतल्या बाया आल्यात. ओसरीत जागा नाई.''

आईला फोन दिला. ''कोन? तू होय? बरा हायेस ना? पोरं बरी हायेत?'' सगळं एका दमात. ''आता पहिला अंक झाला. चहा चालू हाय. मंग कर फोन.''

''आई, फोन तसाच बाजूला ठेव ना. मी नुसतं ऐकतो.''

''आन् बिल किती येईन तुह्यं? काहीतरीच. तू तर पाह्यलं हाय.'' मागून कुणीतरी हाक मारली. ''आले वो, आले,'' आई म्हणाली. ते मला नव्हतं. फोन ठेवला गेला.

बायकोने विचारलं, ''काय म्हणाल्या?''

''मंग कर म्हणाली.''

मी स्वैपाकघरातच उभा राहिलो, घड्याळाकडे बघत. आता कप गोळा झाले असतील. आता आईने पदर सावरला असेल. आता धाकट्या भावाने दार आपटलं असेल, आणि मास्तरीणबाई, चौथ्यांदा ऐकत असूनही, म्हणाल्या असतील, मंग? पुढं काय झालं?